पोटाला तोंड नसतं

मिरजेच्या त्या इस्पितळात दुर्बीण धरणारा यंत्रहात अनोळखी माणसाच्या घशात डोकावत नसे. पोटाच्या शस्त्रक्रियांना तो वर्षानुवर्षं बिनतक्रार उभा राहिला होता. खांद्याला नवा सांधा बसवून त्याची घशाच्या विभागात बदली झाली, तेव्हा मात्र त्याने स्पष्ट सांगितलं, "पोटाला तोंड नसतं. इथे माणूस समोर असतो. आधी ओळख करून द्या."

मागणी रास्त होती. तेव्हापासून भूल देण्याआधी पेशंट त्याला आपलं गाव, आडनाव, पाहुणेरावळे सांगे आणि मग काम सुरू होई.

त्या सकाळी डॉ. मृणाल आरवाडेंना वाटलं, ओळख भूलतज्ज्ञ पटवेगारांनी करून दिली असेल. पटवेगारांना वाटलं, मॅडमनी. एकमेकांच्या भरवशावर अण्णासाहेब मगदूम गाढ झोपी गेले. हळदीच्या बाजारात सौदे पुकारणारा माणूस, आणि गाठ नेमकी स्वरतंतूवर.

"झोपलेल्याशी कसली ओळख?" म्हणत हाताने दुर्बीण छताकडे वळवली.

मृणालचे दोन्ही हात अवजारांत गुंतलेले. दुर्बीण माणसाने धरली तर हलणार, आणि केसभर चुकलं की मगदुमांचा आवाज गेलाच.

"मी ओळखते ना त्यांना," ती म्हणाली.

"कोणत्या नात्याने?"

तिला त्यांची गाठ ठाऊक होती, गाव नव्हतं.

"भूल फार लांबवता येणार नाही, मॅडम," पटवेगार म्हणाले. "घरच्यांना बोलवा."

मगदुमांची बायको शालन गाऊन चढवून आत आली. हातासमोर उभी राहताच सवयीने डोक्यावरचा पदर सारखा करायला गेली, तर तिथे टोपी.

"आम्ही मालगावचं," ती चाचरत म्हणाली. "माझं माहेर कवलापूर."

हात किंचित खाली आला. "कवलापूर? माझा हा सांधा तिथल्याच बजरंग लोहारांच्या लेथवर झाला."

"अगं बया! बजरंग माझा मावसभाऊ की वो!"

"मग आधी नाही का सांगायचं? आपण पाहुणेच निघालो."

दुर्बीण घशात उतरली आणि जराही हलली नाही. मृणालने जीव मुठीत धरून गाठ काढली.

तेवढ्यात पटवेगारांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. नातेवाइकांना आत थांबता येत नव्हतं. शालन गाऊन-टोपी उतरवत निघाली. हातही आता पाहुणाच, त्यानेही हुज्जत घातली नाही. त्याला ढकलत बाहेर नेऊन बाकाशेजारी, शालनजवळ उभं केलं.

मृणाल बाहेर आली तशी त्याने विचारलं, "डॉक्टर, आवाज येईल ना?"

"शुद्धीवर तर येऊ देत," ती सगळ्यांना सांगते तसंच म्हणाली.

मग आतून घोगरी हाक आली, "शालनऽ"

शालनने पदराने डोळे पुसले. मग हाताच्या दुर्बिणीची काच धुरकटलेली दिसली, तीही पुसली.