दृश्य पाणीपुरवठा
पाणीपुरवठा मंडळाच्या मुख्य अभियंत्यांच्या बाल्कनीतून नदी दिसत नाही, ही बाब मंडळाने अत्यंत गांभीर्याने घेतली. अर्थात तशा शब्दांत नव्हे. ठरावातले शब्द होते, 'नदीकाठच्या मालमत्तेचा सुयोग्य विनियोग'. घरी बायकोचे शब्द वेगळे होते.

"अहो, ताईच्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं. पुढच्या वर्षी ती आपल्याकडे राहायला येणार. तिला काय दाखवू, तुमच्या पंपघराचा पत्रा?"

दोघी बहिणी लहानपणापासून एकमेकींना पाण्यात पाहत. थोरलीकडे तेवढ्यासाठी खरंच पाणी होतं, एवढाच फरक.

तेव्हा पंपघर हलवायचं ठरलं. कुठे, तर टेकडीवर. मंडळाचा सल्लागार म्हणाला, "पाणी वरून खाली येतं, हे शास्त्र आहे. शिवाय पुरवठा करणाऱ्यानं उंचावर बसावं, नाहीतर वचक राहत नाही."

"पण नदी खाली आहे ना?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तो नदीचा प्रश्न. आपल्या कार्यकक्षेत येत नाही."

इतिवृत्तात 'शंकानिरसन झाले' असं लिहिलं गेलं. मग जनसुनावणी झाली. पाणी हवं की देखावा, असं विचारताच एका गृहस्थांनी उठून सांगितलं की, पाण्यानं तहान भागते, पण देखाव्यानं जागेचा भाव वाढतो. सभागृहातले सगळे हात वर गेले. एका आजोबांनी दोन्ही केले. त्यांचे फ्लॅटही दोन होते.

पंप टेकडीवर चढले. फीत कापली, बटण दाबलं. पंप बिचारे इमानदार, जे हाताशी होतं ते उपसू लागले. गावभरच्या नळांना स्वच्छ, गार हवा सुटली. मंडळाने ती कपातीशिवाय, दोन्ही वेळ पुरवली.

तक्रारी आल्या म्हणून नदीतून टेकडीवर पाणी न्यायला टँकर लावले. ते ओळीने उभे राहिले नेमके बाल्कनीसमोर.

"पत्रा गेला आणि चाकं आली!" बायको कडाडली. दुसऱ्या दिवशी 'दृश्यबाधक वाहनां'ना नदीकाठी बंदी झाली.

आता उरली माणसं. फिरायला जाणाऱ्यानं नदीवर बादली भरावी आणि टेकडीवर पंपाच्या हौदात ओतावी, असा उपक्रम निघाला. लोक नाकं मुरडतील, अशी अभियंत्यांना धास्ती होती. पण सल्लागाराने बादलीचं नाव 'हस्तभार' ठेवलं, दंडाला बांधायला एक रंगीत पट्टा दिला, आणि झुंबड उडाली. हातात बादली नसली तर ओळखीची माणसं तब्येतीची चौकशी करू लागली.

अशाच एका सकाळी अभियंते भरली बादली घेऊन स्वतःच्या घराखालून चालले होते. बायको बाल्कनीतून ओरडली, "अहो, ताई आली! घरात थेंब नाही. ती बादली आणा वर!"

"वेड लागलंय का? पाणीचोरी होईल ती!"

"तुम्हीच भरलीत ना?"

"म्हणून काय झालं? आधी टेकडीवर नेतो, पंपात ओततो, मग येईल नळाला."

"कधी?"

"ते दाबावर अवलंबून आहे."

"कुणाच्या?"

"त्याचीच चौकशी चालू आहे," म्हणत त्यांनी चढ धरला.

इकडे नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. ताई खुर्चीत टेकली, पदराने वारा घेत म्हणाली, "आधी घोटभर पाणी दे गं."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. पण बहीण बहिणीपुढे हरेल कशी? तिने हात लांब करून नदी दाखवली. "ते काय, समोर! एवढं पाणी तुझ्या तळ्याला तरी आहे का?"

ताईने पाहिलं. नदी लखलखत होती. मध्ये ना पत्रा, ना चाक. ती कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "इथे एखादा फ्लॅट शिल्लक आहे का गं?"

एक होता. पण तो त्याच सकाळी तुम्ही घेतलात. नळ उघडून पाहावा, हे काही तुम्हाला सुचलं नाही. बाल्कनीत उभं राहून फोटो मात्र छान काढलात.