क्वाबेना लहान होत जातो

युरोपात फुटबॉल खेळायला काय काय लागतं, ते कोच डांक्वांना तोंडपाठ होतं. चेंडू पहिल्या स्पर्शातच पायाशी बसला पाहिजे. नव्वद मिनिटं पळून झाल्यावर आणखी तीस पळायचा दम पाहिजे. उकडलेला बटाटा मिरचीशिवाय गिळता आला पाहिजे. आणि थंडीत, परक्या गावात, रडू आलं तर ते खोलीचं दार लावून घेईपर्यंत धरून ठेवता आलं पाहिजे. स्वतः कोच जवळच्या बेक्वाई गावाच्या पुढे कधी खेळले नव्हते, त्यामुळे त्यांच्या ज्ञानात शंकेला जागा नव्हती.

"हे सगळं तुझ्यापाशी आहे," ते क्वाबेनाला म्हणाले. "फक्त एक गोष्ट नाही. वय. अठराच्या आसपास पाहिजे. एकोणीस पूर्ण झाली की ते लोक बघतसुद्धा नाहीत."

क्वाबेना एकवीस वर्षांचा होता. दोन आठवड्यांनी रविवारी असियामासाहेब येणार होते. ते एका जर्मन क्लबसाठी खेळाडू हेरायचे, आणि कुमासी शहरातल्या सामन्यात त्यांनी क्वाबेनाला हेरलं होतं. कागदपत्रं तयार ठेवा, असा त्यांचा निरोप होता.

कागदपत्रं मुळात नव्हतीच. क्वाबेना घरीच जन्मला, तेव्हा नोंदणी कुणी केली नाही. शाळेच्या दाखल्याची वाळवीने विल्हेवाट लावली होती. कोचना हा परमेश्वराचा आशीर्वादच वाटला. त्यांनी आपल्या ओळखीचा कारकून गाठला आणि संध्याकाळी जन्माचा कोरा करकरीत दाखला घेऊन हजर झाले. जन्मतारीख ६ मार्च २००६. ज्याची तारीख माहीत नाही त्याला हा कारकून देशाच्या स्वातंत्र्यदिनी जन्माला घालायचा.

क्वाबेनाची आई सेरवा भिंतीवरच्या फोटोची धूळ पुसत होती. तिने बोटांवर हिशोब केला. "हा सोमवार येतो."

"मग?"

"मग काय मग! सोमवारचा असता तर क्वाजो झाला असता. मंगळवारचा म्हणून क्वाबेना. सोमवारी मी कुणालाही जन्म दिलेला नाही."

कोचनी कपाळाला हात लावला. इथे माणूस नाव सांगतो तेव्हा वारही सांगून मोकळा होतो, आणि असियामासाहेब काही गोरे नव्हते. त्यांना हे दारातच कळलं असतं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे," कोच म्हणाले. "सात मार्च करू. मंगळवार."

दुसऱ्या दिवशी सात मार्चचा दाखला आला. तो हातात घेऊन क्वाबेनाची धाकटी बहीण आकोसुआ खो खो हसत सुटली. ती इस्पितळात जन्मली होती, तिचा दाखला खरा होता आणि त्यावर ११ जून २००६ होतं.

"आईला तीन महिन्यांत दोन मुलं? आई, तू शेळी आहेस का गं?"

"तोंड सांभाळ!"

कोच घाम पुसत बसले. क्वाबेनाला बहिणीच्या आधी ढकलावं, तर तो एकोणिसाला टेकत होता. म्हणजे तिच्या नंतरच ढकलायला हवा. शेवटी ८ मे २००७ ठरली. मंगळवारही होता.

"म्हणजे सतरा वर्षं!" कोचचा चेहरा उजळला. "उलट बरंच झालं. जितका कोवळा तितका चांगला."

"म्हणजे आता मी थोरली," आकोसुआ म्हणाली आणि रात्री जेवताना क्वाबेनाच्या पानातला मोठा मासा उचलून आपल्या केंकेवर, मक्याच्या आंबवलेल्या गोळ्यावर, ठेवला. "मोठ्यांना मोठा तुकडा. घरची रीत आहे."

एवढ्यावर निभावलं असतं, पण भिंतीवर फोटो होता.

फोटो म्हणजे वडिलांच्या मर्तिकाचं पोस्टर. आईने ते चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं होतं. कोकोचा ट्रक चालवणारे वडील कुमासीच्या रस्त्यावर अपघातात गेले, डिसेंबर २००५ मध्ये. तेव्हा आकोसुआ पोटात होती. पोस्टरच्या खाली छापलं होतं: मागे पत्नी सेरवा आणि मुलगा क्वाबेना. त्या मजकुराशेजारी पावणेतीन वर्षांच्या क्वाबेनाचा रडका फोटो.

कोचनी तारखा पुन्हा जुळवून पाहिल्या आणि खुर्ची जरा मागे सरकवली. "क्वाबेनाची आई, वाईट वाटून घेऊ नका, पण या हिशोबाने नवरा गेल्यावर दीड वर्षाने तुम्हाला..."

"पुरे!" सेरवा कडाडली. "माझी अब्रू विकून युरोपला जायचं नाही कुणी!"

"मग एकच उपाय. त्यांना थोडं उशिरा जाऊ द्यायचं."

सेरवा चौकटीसमोर उभी राहिली. ती आता कोचच्या डोक्यात काहीतरी घालणार, अशी क्वाबेनाची खात्री होती.

"किती उशिरा?" तिने विचारलं.

"ऑगस्ट, सप्टेंबर २००६. चालून जाईल."

"म्हणजे त्यांनी आकोसुआला पाहिलं असतं." ती थांबली. "आठव्या दिवशी मांडीवर घेऊन नाव ठेवलं असतं."

"हो, ते ओघानेच आलं."

"मग सप्टेंबर नको. ख्रिसमस होऊ दे. जानेवारीत जाऊ दे."

नवं पोस्टर छापून आलं. जानेवारी २००७. मागे पत्नी सेरवा आणि मुलगी आकोसुआ. क्वाबेनाचं नाव नव्हतं, कारण तो अजून जन्मायचा होता. त्याला वडिलांची एकच आठवण होती. त्यांच्या खांद्यावर बसून तो ट्रकच्या टपाला हात लावत होता. ती आता त्याला नसणार, असं ठरलं. त्याने नवं पोस्टर जुन्यावर ठेवलं आणि चौकटीचे खिळे ठोकले.

घरात मात्र भलतंच सुरू झालं. वडिलांना एक वर्ष जास्तीचं मिळालं होतं आणि आई ते सढळ हाताने खर्च करत होती. त्या वर्षी त्यांनी आकोसुआला बाजारभर मिरवलं. ख्रिसमसला बकरा आणला आणि तो रस्त्यात सुटून पळाला. "आळशी माणूस! दोरी नीट बांधेल तर शपथ!" आई अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी मेलेल्या नवऱ्यावर मनापासून चिडायची. आकोसुआला सगळं खोटं आहे हे ठाऊक होतं. ती समोर बसून विचारायची, "मग मी रडले का?" आई म्हणायची, "तू त्यांच्याकडे गेलीस की गप्पच व्हायचीस."

रविवारी असियामासाहेब आले. एका पायाने लंगडत होते. त्यांनी दाखला पाहिला, पुटपुटत वार मोजला, मान हलवली. बहिणीचा दाखला पाहिला, मान हलवली. पोस्टरसमोर उभं राहून तारीख वाचली, मान हलवली. कोच प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर मान हलवत होते.

"सगळं चोख आहे," असियामासाहेब म्हणाले. "इतके चोख कागद मी आजवर पाहिले नाहीत. मी गेलो तेव्हा माझेही नव्हते. जर्मनीत मी सलग तीन वर्षं अठराचा होतो. आता गुडघे साठीचे झालेत आणि पेन्शनला चार वर्षं जास्त थांबायचंय."

कोच मोठ्यांदा हसले.

"पण याला नेता येणार नाही. अठरा पूर्ण नाहीत. परदेशात सही करायला अठरा लागतात, तसा नियमच आहे."

कोचचं हसू तोंडातच राहिलं. "साहेब, खरं सांगू? एकवीसचा आहे तो!"

"मलाही तसंच वाटलं होतं. कोवळी पोरं मी पुष्कळ नेली. दोन महिन्यांत आईच्या आठवणीने वाळतात आणि परत येतात. क्लबला यंदा जाणता गडी हवाय, घराचा गाडा ओढलेला. याचा खेळ पाहून वाटलं, हाच तो. पुरावा आहे काही? असेल, तर हा दाखला मी पाहिलाच नाही."

"आहे ना!" कोच ओरडले. "जुनं पोस्टर! नव्याच्या मागेच आहे!"

सगळे चौकटीकडे बघू लागले. सेरवाने ती भिंतीवरून काढली आणि मांडीवर पालथी घेतली. तिची बोटं खिळ्यांवरून नुसतीच फिरत राहिली. आकोसुआ उठली, आत गेली आणि सुरी घेऊन आली. ती तिने आईच्या हातात दिली, पण आईकडे पाहिलं नाही.

"राहू दे," क्वाबेना म्हणाला. "मागे काही नाही. जुनं मी जाळून टाकलं."

"अरे गाढवा!" कोच उभे राहिले. "अरे, पण खिळे ठोकताना मी..."

"जाळलं म्हणून सांगतोय ना!"

त्याला रडू येत होतं. ते त्याने धरून ठेवलं.

असियामासाहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चौकट उचलली, हातात तोलली आणि स्वतःच भिंतीवर टांगली. "मे महिन्यात अठरा होतील," ते म्हणाले. "तेव्हा जागा असेलच असं मी सांगत नाही." आणि लंगडत निघून गेले. कोच त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावले, ते परत आलेच नाहीत.

आईने पानं वाढली. मासे दोनच होते, एक मोठा आणि एक लहान. मोठा रीतीप्रमाणे आकोसुआच्या पानात पडला. क्वाबेना मान खाली घालून केंके चिवडत होता.

आकोसुआने मासा उचलला आणि त्याच्या पानात ठेवला.

"खा," ती म्हणाली. "वाढतं वय आहे तुझं."