टेलिफोनचा दुसरा शोध

सर्व संबंधितांस, विशेषतः इतिहासकारांस, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की टेलिफोनचा शोध दोनदा लागला. पहिल्यांदा कुणी लावला ते शाळेच्या पुस्तकात आहे. दुसऱ्यांदा तो आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकन नावाच्या उपनगरात, माझ्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, गवत कापायचं यंत्र आणि रंगाचा अर्धा डबा यांच्या मधोमध लागला. त्या ऐतिहासिक प्रसंगी संशोधकाच्या मदतनिसाची भूमिका मी केली. त्यात माझी एक पँट कामी आली.

संशोधक म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातले वऱ्हाडपांडे काका. वय बहात्तर, मुक्काम मूळचा नागपूर, नोकरी सगळीच्या सगळी टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे, निखिलकडे आले. काकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मागे राहिल्या. त्या मार्चअखेर यायच्या होत्या. मार्चमध्ये जग बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढं जायचं नाही असा हुकूम निघाला, तेव्हा आम्ही सगळे हवालदिल झालो. काका म्हणाले, दोन किलोमीटर म्हणजे किती वायर लागेल सांगू का?

या माणसाचा देव टेलिफोन. लोकांच्या कॅलेंडरात एकादशी-चतुर्थी असते, काकांच्या कॅलेंडरात टेलिफोनच्या बाल्यावस्थेतले टप्पे होते. एकेक टप्पा म्हणजे एकेक सण. त्या दिवशी काका सकाळीच आंघोळ करून, मंकी कॅप घालून कुंपणापाशी उभे राहायचे आणि मला हाक मारायचे. "काय करून राहिले? या इकडं. आज मोठा दिवस आहे बाप्पा." त्यांचा मोठा दिवस महिन्यातून तीनदा यायचा.

सर्वांत मोठा सण पहिल्या वाक्याचा. तारेवरून माणसाचं बोलणं पहिल्यांदा समजलं, तेव्हा संशोधकानं पलीकडच्या खोलीतल्या मदतनिसाला काय सांगितलं? जगाच्या कल्याणाविषयी काही नाही. सांगितलं ते एवढंच, की इकडे या, मला तुम्हाला पाहायचं आहे. एकमेकांच्या घरात जायला बंदी होती, म्हणून काका त्यांच्या शेडमध्ये आणि मी माझ्या. मध्ये कुंपण. कुंपणाच्या फटीतून ताणलेली सुतळी, दोन टोकांना बेक्ड बीन्सचे रिकामे डबे. मूळ यंत्रात आम्लाचं पाणी होतं म्हणून माझ्या बाजूला व्हिनेगरची वाटी. ती वाटी त्या सुतळीला काडीचीही मदत करत नव्हती, पण पूजेत कलश लागतो तशी ती लागायची. डब्यातून काकांचा आवाज यायचा: "इकडे या. पाहायचं आहे तुम्हाला." मी मोठ्यानं "आलो, साहेब!" म्हणायचं आणि धावत कुंपणापाशी जायचं. पहिल्याच धावेत वाटी मांडीवर सांडली. काका खूश झाले. मूळ प्रयोगातही सांडलं होतं अशी एक कथा आहे म्हणाले, तुम्ही तं इतिहास हुबेहूब करून राहिले.

हा प्रयोग आम्ही बारा-पंधरा वेळा तरी केला. दर वेळी साहेब तेच. एकदा मी भूमिका बदलू या का असं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी रामलीलेत मारुतीचं काम सोडून सीतेचं मागितलं होतं.

मग एक्सचेंजचा सण आला. सहा घरांतून सुतळ्या आणून समोरच्या हिरवळीवर एका खुर्चीपाशी बांधल्या. खुर्चीत कोपऱ्यावरच्या नोरीन आजी. या ऐंशीच्या आयरिश बाई, एकट्या राहणाऱ्या. काकांचं इंग्रजी आणि आजींचं इंग्रजी ही दोन वेगळी राष्ट्रं होती, पण दोघांचं उत्तम जमायचं. पहिल्या एक्सचेंजांत पोरं कामाला होती, ती गिऱ्हाइकांना उलट बोलायची, म्हणून बायकांना घेतलं, हा टप्पा काका फार अभिमानानं सांगत. आजींनी पहिल्याच तासात माझा कॉल चुकीच्या घरी जोडला, "तो तुमचा माणूस आंघोळीला गेलाय" असं आपल्याच मनानं सांगून टाकलं आणि सगळं ग्रँड चाललंय असं जाहीर केलं.

नंबरांचा सण तर त्या वर्षी अंगावर काटा आणणारा होता. सुरुवातीला लोक नाव सांगून फोन जोडून मागत. मग एका गावात गोवराची साथ आली. तिथला डॉक्टर म्हणाला, या चार ऑपरेटर आजारी पडल्या तर नवीन माणसांना सगळ्यांची नावं कशी कळणार? घराला नंबर द्या. काकांनी हे मास्क लावून हिरवळीच्या मध्यावर उभं राहून सांगितलं. म्हणाले, साथ आली म्हणून आपल्याला नंबर भेटला. पाहा, साथसुद्धा काही देऊन जाते.

एक सण मात्र ते पाळत नसत. ऑपरेटरशिवाय आपोआप चालणारं एक्सचेंज काढलं एका अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या माणसानं. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याला जोडून देते असा त्याला संशय होता. या माणसाचा विषय निघाला की काका तोंड फिरवायचे. काकू नागपूरच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये, परगावचे कॉल जोडणाऱ्या ऑपरेटर बायकांवर, सुपरवायझर होत्या. काका त्यांच्या हाताखालचे मेकॅनिक. लग्नानंतरही ऑफिसात ते त्यांना साहेबच म्हणत.

आता या माणसाचं खरं वेड सांगतो. टेलिफोनचा एवढा भक्त, पण फोनवर कधी बोलत नसे. रोज सकाळी हिरवळीवरच्या बाकावर बसून ते नंबर लावत, फोन कानाला धरत आणि दहा मिनिटं गप्प. मध्येच मान डोलावत. मध्येच हसत. मग फोन खिशात. माझ्या बायकोचं मत, ते कुठल्या तरी महाराजांचं प्रवचन ऐकतात. मार्चअखेर इथलं घड्याळ एक तास पुढं सरकलं, तेव्हा मात्र काका सरकारवर भयंकर चिडले. साडेदहाचे साडेअकरा करून टाकले, आणि मी विसरलो असतो तर तिकडं तिचा चहा थंड झाला असता म्हणाले. तिचा म्हणजे कुणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दोन हजार एकवीसचा एप्रिल उजाडला. काकांचं तिकीट तोवर तीनदा रद्द झालं होतं. नागपूरच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. एका सकाळी काकांनी नंबर लावला, कानाला धरला, परत लावला, परत धरला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो आणि विचारलं, काय झालं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. काकूंना आठ वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. जन्मभर हेडफोन लावला, मग एक आजार झाला आणि दोन्ही कान गेले. मोबाईल त्यांनी घरात येऊ दिला नाही; जगाला कळवायचं ते वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कळवतो, आणि तो सध्या गावी अडकलेला. घरात जुना काळा फोन आहे, आत पितळी घंटा असलेला. दुपारी चारला काकू चहा घेऊन त्याच्यापाशी बसतात आणि त्याच्या पाठीवर हात ठेवतात. घंटा वाजली की हाताला कळतं. सात ठोके मोजायचे, रिसीव्हर उचलायचा आणि दिवसभराचं सगळं सांगायचं. काकांनी फक्त ऐकायचं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. म्हणालो, निदान रिंग तर जातेय ना? काका म्हणाले, इकडं रिंग ऐकू आली म्हणजे तिकडं वाजतेच असं नाही. केबल तुटली तरी एक्सचेंज इकडं वाजवत राहते. मेकॅनिक होता तो, स्वतःची समजूत घालायचीही त्याला सोय नव्हती.

मग काका म्हणाले, "एक टप्पा तुम्हाला मी सांगितला नाही. ज्यानं टेलिफोन काढला न, त्याच्या बायकोला ऐकू येत नव्हतं. साऱ्या जगाला त्यानं जोडून दिलं, घरी मात्र नंबर लागला नाही."

तिसऱ्या दिवशी काकांनी जुनी डायरी उघडली आणि नागपुरातल्या रिटायर लाईनमनांना शोधायला सुरुवात केली. सहा जण लागले नाहीत. सातवा, डोमाजी, लागला. सत्तरीचा गृहस्थ, दोन मास्क लावून सायकलवर निघाला. दुपारी त्याचा फोन आला: ताई बऱ्या आहेत. नालीसाठी गल्ली खोदली त्यात केबल तुटली. मी खिडकीतून पाहिलं तं ताई फोनवर हात ठेवून बसल्या होत्या. मला ओरडल्या, खात्याचा माणूस इतक्या उशिरा येतो का.

डोमाजीनं जोड मारला. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हिरवळीवर, अंतर ठेवून. निखिल ऑफिसची मीटिंग सोडून आलेला. नोरीन आजी ब्लँकेट पांघरून आपल्या एक्सचेंजच्या खुर्चीत. काकांनी फोन माझ्याकडे सरकवला, नंबर मीच लावला आणि फोन स्पीकरवर टाकून बाकावर ठेवला. काका बोटांवर ठोके मोजत होते. सातव्याला खट् झालं.

"तीन दिवस हात ठेवून बसली मी," काकूंचा आवाज सबंध हिरवळीवर घुमला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, मोठा आणि सरळ. "हे यंत्र जराही हललं नाही."

मग त्यांनी सुपरवायझरच्या थाटात सगळा अहवाल दिला. डोमाजीला चहा दिला. त्याचा जोड ओबडधोबड आहे, तुमच्यासारखा नाही. लस घेतली, हात दुखला. कैऱ्या आल्या, पण लोणचं कुणासाठी घालू. नोरीन आजींना एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या मन लावून ऐकत होत्या. काकाही नेहमीसारखे गप्प, नुसती मान डोलावत.

मग काकूंचा अहवाल संपला. 

"पुरे झालं आता तिकडचं," त्या म्हणाल्या. "इकडे या. पाहायचं आहे तुम्हाला."

हे वाक्य मी शेडमध्ये इतक्यांदा ऐकलं होतं की माझे पाय सवयीनं कुंपणाकडे निघाले. पण माझ्या आधी काका उठले. टाचा जुळवल्या, मंकी कॅप काढून हातात घेतली, आणि ज्या फोनवर वर्षभरात एक शब्द बोलले नव्हते, ज्यातून पलीकडे काहीही ऐकू जाणार नव्हतं, त्या फोनसमोर वाकून ओरडले:

"आलो, साहेब!"