एक तुमचंच समजा!

माझ्यासारखा नियोजन करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही! बढाई मारत नाही, खरं तेच सांगतोय. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर. आठ वर्षांत 'माल संपला' हे शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. एक खिळा मागा, दोन मिळतील! आमचे साहेब म्हणायचे, "विठू, तू आहेस म्हणून मी निवांत झोपतो." ते ऑफिसातच झोपायचे, ही गोष्ट वेगळी.

ही चौऱ्याऐंशी सालची हकिकत. आमच्या सगुणेला सातवा महिना लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावरचं पहिलंच, त्यामुळे घरात सगळे हवेवरच चालत होते. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, पुन्हा तपासलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "महिन्याच्या मानानं पोट जरा मोठं वाटतंय. जुळंही असू शकेल. पुढच्या आठवड्यात घेऊन या, फोटो काढून बघू."

आता एवढ्या बोलण्यातला मला एकच शब्द ऐकू आला. जुळं! 'असू शकेल' वगैरे भाग कुठल्या कुठे उडून गेला. येताना वाटेत भेटेल त्याला मी सांगत सुटलो. सायकलवाल्याला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, ज्याच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं त्या शेजाऱ्यालासुद्धा थांबवून सांगितलं!

घरी हौसाबाय सुईण येऊन बसलीच होती. तिनं सगुणेच्या पोटावर हात फिरवला आणि ठणकावून सांगितलं, "फोटो कशाला हवाय? दोन हायत! एक हिकडून ढुशी मारतो, एक तिकडून!"

झालं! फोटोचा विषय तिथेच संपला. आई म्हणाली, "हिनं जुळा केळा खाल्लान असणार. मी तेव्हाच बजावला होता, जुळा केळा खाऊ नको गो बाय!"

"केळी तुमच्या मुलानंच आणली होती," सगुणा म्हणाली.

मी लगेच तयारीला लागलो. सगळं दोन-दोन! दुपटी दोन डझन, झबली दोन डझन, टोपडी दोन रंगांची, म्हणजे कोण कुठलं ते कळावं. जयगडला होड्या बांधणारा एक सुतार माझ्या ओळखीचा. त्याच्याकडून सागवानी पाळणे करून घेतले, दोन. असले दणकट, की खाडीत सोडले असते तर पोरांसकट जयगडाला वळसा घालून परत आले असते! आई कपाळावर हात मारून म्हणाली, "मेल्या, पोर जमिनीवर पडायच्या आधी पाळणा घरात आणू नये रे!"

"आई, दोघं एकदम आल्यावर मी काय सुताराकडे धावू? याला नियोजन म्हणतात!"

आठव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. मुंबईहून माझा थोरला भाऊ भागोजीदादा आणि राहीवहिनी आली. दादा गोदीत कामाला. वहिनी कुर्ल्याला औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. लग्नाला चौदा वर्षं झालेली आणि पोटी काही नाही. डॉक्टर झाले, वैद्य झाले, नवस झाले, उपास झाले. आमच्या सगुणेचं कळल्यावर दुसरी एखादी जळून खाक झाली असती, पण वहिनीनं सगुणेची ओटी भरली, तिच्या केसांत अबोलीचा वळेसर माळला आणि जेवणं झाल्यावर ती माजघरात त्या दोन पाळण्यांपाशी जाऊन बसली. एका पाळण्याला हलकेच झोका दिलान आणि म्हणाली, "दोन! छान आहे हो, भाऊजी."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे बोलायची रीत काय? पाहुणा फणसाकडे बघून "छान आहे हो" म्हणाला, की आपण म्हणतो, "न्या की! तुमचाच आहे!" पाहुणा म्हणतो, "नको नको, असू दे." आपण म्हणतो, "अहो, न्या हो!" तो म्हणतो, "नको हो, कशाला?" मग फणस झाडावरच राहतो आणि मनंही राखली जातात. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललंय आणि त्यामुळेच आमच्या झाडांवर फणस दिसतात!

त्याच रीतीनं मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "वहिनी, तुमचं-आमचं काय वेगळं आहे? एक तुमचंच समजा! जाताना पाळणासुद्धा घेऊन जा!"

आणि मी तिच्या 'नको नको'ची वाट बघत उभा राहिलो.

वहिनी 'नको' म्हणालीच नाही! ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. तिनं वाकून मला, म्हणजे धाकट्या दिराला, नमस्कार केलान! मागे दादा उभा होता. आमचा दादा वर्षाला चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यानं माझा हात हातात धरला आणि म्हणाला, "विठू, हे उपकार मी कसे फेडू रे?"

अशा वेळी "अहो, मी आपलं सहज बोललो" असं म्हणायला वाघाचं काळीज लागतं. माझं स्टोअरकीपरचं. मी म्हणालो, "दादा, उपकार कसले त्यात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा आत पडली होती, तेवढ्यात पाळणा निघाला. दादानं तो एस.टी.च्या टपावर आंब्याच्या पेट्यांमध्ये दोरीनं आवळून बांधला. कंडक्टरनं विचारलं, "बाळ कुठाय?" वहिनी लाजून म्हणाली, "यायचंय!"

त्यांना गाडीत बसवून मी घरी आल्यावर सगुणेनं विचारलं, "दुसरा पाळणा कुठं गेला?"

"रंग द्यायला टाकलाय मिरजोळ्याला," मी म्हणालो.

पंधरा दिवसांत मुंबईहून पत्रं सुरू झाली. पहिल्या पत्रात वहिनीनं कारखान्यातली नोकरी सोडल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात, चाळीतल्या बायकांनी जुनी लुगडी देऊन दुपटी शिवल्याचं. ही पत्रं मी कारखान्याच्या पत्त्यावर मागवत होतो आणि स्टोअरमध्ये नटबोल्टच्या खोक्यात दडवत होतो. तिसरं पत्र दादानं सवयीनं घरच्या पत्त्यावर टाकलं आणि ते सगुणेच्या हातात पडलं.

मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर ही दाराशीच उभी! "वाचून दाखवते, ऐका. 'भाऊजी, आमच्या दोघांचं ठरलं आहे. पहिलं येईल ते सगुणेचं, दुसरं आमचं. पहिल्यावर आईचा जीव जास्त असतो, ते मागू नये.' हे काय आहे?"

"अगं, ते... मी आपलं रीतीप्रमाणे..."

"रीतीप्रमाणे? माझ्या पोटात पोर आहे, पेटीतला हापूस नाही! येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक वाटत सुटलाय!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दिलान एक तर काय बिघडला? घरातल्या घरातच ऱ्हायल."

"मग तुम्ही तुमच्या दोघांतला एक द्यायचा होता कुणाला तरी!" सगुणा म्हणाली. "हा दिला असता तर मी आज सुखात असते!"

सासू-सुनेत त्यानंतर जे झालं ते मी सांगत नाही. शेवटी सगुणेनं बजावलं, "आत्ताच्या आत्ता कळवा त्यांना, माझं मूल मी देणार नाही. नाहीतर मी चालले अलोऱ्याला, बाबांकडे. आणि परत यायची नाही!"

ती जाणार म्हणजे जाणार. नववा महिना, रस्ता तो असला. मी कागद-पेन घेऊन बसलो. सात पत्रं लिहिली. प्रत्येकाची सुरुवात 'वहिनींस साष्टांग नमस्कार'नं व्हायची, शेवट 'बाकी सर्व क्षेम'नं व्हायचा आणि मधला मजकूर काही केल्या उतरायचा नाही. चौदा वर्षं वाट बघणाऱ्या बाईला 'तो विनोद होता' हे कुठल्या शब्दांत लिहायचं, तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. आठव्या पत्रात मी आडवळणानं लिहिलं, 'सगुणेची तब्येत अलीकडे फार नाजूक आहे. तरी आपण तूर्त कसलीही घाई करू नये. आपण समजूतदार आहात.'

यातून कुठलाही समजूतदार माणूस काय ते ओळखेल, अशी माझी खात्री होती!

वहिनीनं ओळखलं. सगुणेची तब्येत नाजूक आहे, एवढं तिनं बरोब्बर ओळखलं आणि मिळेल ती पहिली एस.टी. पकडून ती दारात हजर झाली! एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात बाळंतविड्याचं बोचकं. "भाऊजी, घाई करू नका म्हणालात, पण मला घरात बसवेना हो!"

पुढचे बारा दिवस त्या बाईनं सगुणेला पाटावरून उठू दिलं नाही. पायांना तेल चोळलं, गुरगुट्या भात करून भरवला, धुणीभांडी काढली, आईचे टोमणे ऐकून घेतले. सगुणा पहिले दोन दिवस तोंड फिरवून बसली. तिसऱ्या दिवशी वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मग मला मागल्या पडवीत गाठून दात-ओठ खात म्हणाली, "मला नाही बोलवत त्यांच्याशी. पाप लागेल मला! तुम्ही घोळ घातलात, तुम्हीच सांगा. आज!"

"उद्या सांगतो."

"आज!"

"उद्या नक्की!"

असे दहा उद्या झाले. वहिनी दुपारी दारात बसून झबल्यांना बंद लावायची आणि मला विचारायची, "भाऊजी, मुंबईची हवा मानवेल ना हो त्याला?" मी म्हणायचो, "न मानवायला काय झालं!" आणि चप्पल घालून पळायचो.

एके दिवशी पळत पळत भैरीच्या देवळातच गेलो. हात जोडले आणि जे मागितलं ते सांगायची लाज वाटते. मी म्हणालो, "देवा, एकच दे!" सगळं दोन-दोन जमवून ठेवणारा मी! एकच असलं तर कुणाला काही नाही म्हणायला नको, वचन आपोआप बुडेल आणि मी सुटेन. माझं गाऱ्हाणं देवानं ऐकावं असं आयुष्यात तोवर काही मी केलं नव्हतं, म्हणून जरा निर्धास्त होतो.

तेराव्या दिवशी सकाळी सगुणेला कळा सुरू झाल्या. रिक्षातून दवाखाना गाठला. बाहेर बाकावर मी, आई आणि वहिनी. वहिनीच्या मांडीवर बोचकं. दोन वाजता नर्स बाहेर आली. "मुलगी झाली! बाळ-बाळंतीण खुशाल आहेत."

"आणि दुसरं?" मी विचारलं.

"दुसरं काय?"

"अहो, बाळ! दुसरं बाळ!"

"एकच आहे," ती म्हणाली. मी मागे लागलो म्हणून डॉक्टरीणबाई हात पुसत आल्या. "पोटात पाणी जास्त होतं, म्हणून पोट मोठं दिसत होतं. मी 'असू शकेल' म्हणाले होते. फोटो काढायला बोलावलं, तर तुम्ही फिरकलातच नाहीत!"

खोटं कशाला बोलू? माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला! सुटलो! देवाला तिथूनच हात जोडले. कुणाला नाही म्हणायला नको, काही नको! आई लगबगीनं आत गेली. मीही निघालो, तर मागून वहिनी म्हणाली, "जा तुम्ही, भाऊजी. बघून या तुमची लेक. मी इथंच थांबते."

"तुम्ही नाही येत?"

"आमचं यायचंय ना अजून."

डॉक्टरीणबाई बोलल्या ते तिनं ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. तरी ती तिथे बसून राहिली. तीन वाजले, चार वाजले. नर्स येऊन म्हणाली, "बाई, आता कुणी यायचं नाही, घरी जा." वहिनीनं मान हलवली आणि बोचक्याची गाठ आणखी घट्ट केली. सगुणा आत खाटेवर रडत होती. मला म्हणाली, "जा हो, त्यांना आत घेऊन या." पण मला त्या बाकाकडे जायचा धीर होईना. एवढा बोलका मी, दाराच्या चौकटीला धरून उभा!

पाच वाजता ती स्वतःच उठली. बोचकं सोडलं, मुंबईच्या चाळीत शिवलेली दुपटी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. लहान मुलाला कितीही असली तरी कमीच पडतात." तिनं पदर सारखा केला. "येते मी. सात वाजताची गाडी मिळेल."

आता तरी मी तोंड मिटून तिच्या पाया पडायला नको होतं का? पडायला हवं होतं! पण समोर माणूस उभा आहे, त्याचा चेहरा पडलाय, आणि आपण गप्प राहायचं, हे माझ्या जिभेला कुठलं जमायला? मी म्हणालो, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका हं! पुढच्या खेपेला नक्की!"

चालती वहिनी थबकली. वळली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन पावलं माझ्याजवळ येऊन तिनं अगदी हळू विचारलं, "नक्की ना, भाऊजी?"

मी काय म्हणालो असेन असं तुम्हाला वाटतं? मी म्हणालो, "अहो, म्हणजे काय!"

सगुणा आत होती, तिनं काही ऐकलेलं नाही. मेहेरबानी करा, तुम्हीही बोलू नका.