तांबोळी सरांची हजेरी

तांबोळी सर वडापच्या जीपचीही हजेरी घ्यायचे. गंमत म्हणून सांगत नाही, तशी वहीच होती त्यांच्याकडं, काळ्या पुठ्ठ्याची, खिशात मावेल एवढी. सकाळी गावोगावची पोरं कोंबून जीप कॉलेजच्या फाटकासमोर यायची, तेव्हा सर घड्याळ बघत आधीच उभे. जीप वेळेत आली की बरोबरची खूण. उशिरा आली की शून्य. आलीच नाही तर लाल शाईचं शून्य. महिना संपला की ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन सांगायचे, "आपली हजेरी एकसष्ट टक्के भरली. पंचाहत्तर हवी."

ड्रायव्हर एकदा म्हणाला, "मग मला परीक्षेला बसवू नका, सर."

सर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि आत गेले.

मी हे समोरच्या चहाच्या टपरीवरून बघायचो. शिरूरची, दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. आमची मंडळी, हौसाबाई, गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. घरात भांडं पडलं तरी ते मीच पाडलेलं असायचं. म्हणून सकाळी उठून टपरीच्या बाकड्यावर बसायचं आणि ऊन तोंडावर आलं की उठायचं, असं चाललं होतं. मूलबाळ आम्हाला नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. कॉलेजात काय शिकवतात याच्याशी माझा काही संबंध नव्हता.

पण सरांकडं बघत बसायला बरं वाटायचं. उंच, वाळकं अंग, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. सगळ्यांना "आपण" म्हणायचे. पोरांना, शिपायाला, टपरीवाल्याला. टपरीपुढं वाटेत झोपलेल्या कुत्र्यालाही म्हणायचे, "आपण जरा सरकता का?" कुत्रं सरकायचं.

विषय त्यांचा भूगोल, आणि पोरांचा घात झाला तो तिथंच. दुसऱ्या मास्तरापुढं थाप पचते, भूगोलवाल्यापुढं पचत नाही. पाबळचं पोर म्हणालं, काल पावसामुळं येता आलं नाही. सर म्हणाले, "काल पाबळला पाऊस नव्हता. केंदूरला होता, तोही दुपारी." कारेगावचं पोर म्हणालं, हायवेला ट्रक उलटलाय, रस्ता बंद. सर म्हणाले, "आपण मागच्या रस्त्याने यायचं होतं," आणि मागचा रस्ता फळ्यावर काढून दाखवला, ओढ्यासकट. तो तास त्या रस्त्यावरच संपला. कुणी फार रडगाणं लावलं की एकच वाक्य, "टक्का सांगा, कारण नको."

पंचाहत्तरच्या खाली गेला की परीक्षेचा फॉर्म अडायचा. त्याआधी पालकाला बोलावणं. पालकानं यायचं, पाल्याची हजेरी आणि प्रगती ऐकायची, रजिस्टरला सही करायची. पालक नाही तर फॉर्मही नाही.

एक दिवस एक पोरगा बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. मांडवगण फराट्याचा संतोष कोळपे. शेवटच्या वर्षाला होता. बराच वेळ चपलेनं माती उकरली त्यानं.

"आबा, दहा मिनिटं माझं वडील व्हता का?"

"का रं, तुझा बाप कुठं गेला?"

"मेंढरं घिऊन कोकणात. दिवाळी झाली की जातोय, पावसाच्या तोंडावर येतोय. आई बी त्याच्याबरोबर. आन् सरांनी उद्याच्याला पालक बोलावलाय."

"मग घरी कोण हाय?"

"मी, आजी आन् कांदा."

मी हो म्हणालो. चार महिन्यांत मला कुणी काही मागितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून गेलो. सर उठून उभे राहिले. मला खुर्ची दिली.

"बसा, कोळपे. आपल्या पाल्याची हजेरी चौसष्ट टक्के आहे."

"त्याचं आसं हाय सर, की घरी—"

"कारण नको. चाचणीत भूगोल चौदा, अर्थशास्त्र नऊ."

"नऊ म्हंजी कितीपैकी?"

"तीसपैकी."

"मग अगदीच न्हाई आसं न्हाई."

सरांनी रजिस्टरात शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला. पालक समाधानी.

"मुलगा घरी अभ्यास करतो का?"

"मी कवा बघितला न्हाई." हे तर खरंच होतं.

सरांनी पुढं लिहिलं, पालक प्रामाणिक.

मला सही येते. पण संतोषनं बजावलं होतं, आमचा बा अंगठा लावतो. म्हणून अंगठा लावला.

ही बातमी कॉलेजभर फिरली. आठवड्यानं कारेगावचा राजेश यादव आला. त्याचा बाप मूळचा बिहारचा, कारेगावातच एका कारखान्यात, सुट्टी मिळत नव्हती. मी म्हणालो, अरे बाबा, मला हिंदी येत नाही. तो म्हणाला, "आबा, आप सिर्फ़ बैठिए." बसलो. पण तांबोळी सर नुसतं बसू देतात होय.

"यादवजी, आप बिहार में कहाँ से हैं?"

मी विचार केला. "दौंड के आगे."

"दौंड के आगे काफ़ी कुछ है."

"हां. बहुत लांब हाय."

"वहाँ खेती किस चीज़ की होती है?"

"ऊस की."

मागं राजेशनं कपाळाला हात लावला. सरांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. त्यांनी तीन महिन्यांची हजेरी वाचली, गुण वाचले, शाईचं पॅड पुढं केलं. यादवचा बाप शिकलेला का अडाणी, हे मी विचारलंच नव्हतं. सवयीनं अंगठा लावून मोकळा झालो.

असं करत माघापर्यंत मी सहा पोरांचा बाप झालो आणि एका मुलीचा आजोबा.

आता यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सर गुण वाचायचे ते पोराकडं बघून नाही, माझ्याकडं बघून. "इंग्रजी चार," म्हणायचे आणि थांबायचे. लाज मला वाटायची. चार काय मी पाडले होते? पण बाहेर आलो की डोकं फिरायचं. मग टपरीवर बसल्या बसल्या मी एकेकाला धरायला लागलो. तास सोडून क्रिकेटला निघालेलं पोर मला बघून फाटकातून माघारी जायचं. राजेश कुरकुरला, "आबा, आप तो नाम के बाप हैं." मी म्हणालो, "नाम का असू दे. अंगठा लावलाय."

संतोष मात्र क्रिकेटला जाणारा नव्हता. रानात लाईट ज्या दिवशी दिवसा असेल त्या दिवशी कांद्याला पाणी द्यावं लागायचं आणि तो यायचा नाही. बाकीचे सगळे दिवस पहिल्या बाकावर. तरी फॉर्म भरायच्या आठवड्यात हिशेब बसला बहात्तर टक्क्यांवर. तीन कमी. बाकीच्यांची वर्षं अजून शिल्लक होती, संतोषचं हेच शेवटचं. बापानं जातानाच सांगितलं होतं, यंदा सुटला नाहीस तर पुढच्या दिवाळीला मेंढरांमागं चल.

आणि त्याच आठवड्यात सरांनी नोटीस लावली. कमी हजेरीवाल्यांच्या सगळ्या पालकांनी शनिवारी अकरा वाजता यावं. सगळ्यांनी एकाच वेळी.

टपरीवर माझ्याभोवती सातही जण जमले.

"आबा, मी पयला व्हतो," संतोष म्हणाला.

"आबा, दो मिनट इधर बैठिए, दो मिनट उधर," राजेश म्हणाला.

मुलगी म्हणाली, "बाप कुणालाबी द्या. माझं आजोबा मला पायजेत."

मी सांगितलं, मी संतोषच्या शेजारी बसणार. त्याचा फॉर्म अडलाय. बाकीच्यांनी आपापले बाप आजारी पाडा.

शनिवारी वर्गात वीस-पंचवीस पालक होते, ज्याच्या त्याच्या शेजारी त्याचं पोर. सर आले, रजिस्टर उघडलं आणि पालकांची हजेरी घ्यायला लागले.

"कोळपे."

"हजर."

"यादव."

राजेश उभा राहिला. "सर, बाबूजी को बुखार—"

सर रजिस्टरातच बघत होते. "यादवजी हजर आहेत का?"

मी राजेशच्या तोंडाकडं बघितलं. "हाजिर," म्हणालो.

पुढच्या नावाला परत मीच. त्याच्या पुढच्याला परत मी. चौथ्या नावापर्यंत खरे बाप माना वळवून बघायला लागले. शेवटी सरांनी मुलीचं नाव घेऊन विचारलं, "आजोबा?" मी म्हणालो, "हजर." माझ्या पुढच्या बाकावरच्या पागोटेवाल्यानं मागं वळून हळूच विचारलं, "पाव्हणं, बायका किती म्हणायच्या?"

"एकच व्हती," मी म्हणालो.

"पालकांची हजेरी शंभर टक्के," सर म्हणाले. मग सगळ्यांना टक्के आणि गुण वाचून दाखवले आणि मोकळं केलं. मला आणि संतोषला मात्र थांबवलं.

रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. सात आडनावं, सात अंगठे, आणि सातही अंगठ्यांवर मधोमध एक तिरकी चीर.

"अंगठ्याला काय झालं होतं?"

"दौंडला रेल्वेत गँगमन व्हतो. रुळाच्या पट्टीत सापडला. माझंच लक्ष न्हवतं."

"किती वर्षं होता दौंडला?"

"तीस."

सरांनी सातही अंगठे परत एकदा मोजले.

"तुमास्नी कवापासून ठाऊक हाय हे?"

"पहिल्या दिवसापासून. बाळू कोळपे कोकणात जाताना आमच्या रानात मेंढरं बसवतात. दरवर्षी भेट होते आमची."

"मग बोलला का न्हाईत?"

"खरे पालक एकदा येतात. मुलाला माझ्यासमोर दोन ठेवून देतात आणि जातात. परत येत नाहीत. आपण परत परत आलात." त्यांनी बोट फिरवून दाखवलं. "आपण यायला लागल्यापासून या सातांची हजेरी वाढली आहे."

मला तेवढ्यानं जोर आला. "मग बहात्तरचे पंचाहत्तर करून टाका की. तीनाचा तर प्रश्न हाय."

"नाही. रजिस्टर खोटं होणार नाही."

"आन् हे सात अंगठे?"

"ते खरे आहेत. एकाच माणसाचे आहेत, एवढंच."

संतोष खाली बघत म्हणाला, "सर, सोमवारी फॉर्म बंद व्हत्यात."

"उद्या रविवार. सकाळी आठपासून जादा तास घेतो. किती लागतील ते मोजून."

"उद्या पाण्याचं—"

"उद्या आपल्या भागात दिवसा लाईट नाही. मी विचारून घेतलं आहे."

संतोषनं मान वर केली. सर टोपण लावत होते पेनाला. "आणि पालकांनीही यायचं," म्हणाले.

रविवारी आठला गेलो तर वर्गात एकाच्या जागी सात पोरं. सहाजणांना कुणी बोलावलं नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसलो. घोड नदी कुठं उगम पावते, भीमेला कुठं मिळते, मिळाल्यावर दौंडपाशी तिचं पात्र कसं होतं, सगळं फळ्यावर आलं. दौंडच्या पुलाखालून ती नदी मी तीस वर्षं बघितली, पण ती कुठनं येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दर तासाला सर परत हजेरी घ्यायचे, त्याच सात नावांची, पहिल्यांदाच घेतल्यासारखी. ऊन खिडकीतून आत आलं तेव्हा त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. पंचाहत्तर आले. तिथंच टेबलावर संतोषच्या फॉर्मवर सही केली. पोरगं माझ्या पाया पडलं, सरांच्या पडलं, आणि बाकीच्यांबरोबर जिन्यावरून उड्या मारत गेलं. फाटकापर्यंत त्यांचा कालवा ऐकू येत होता.

सर फळा पुसायला लागले.

"रविवार मोडला तुमचा," मी म्हणालो. "घरी कुणी वाट बघत आसल."

"घरी कोणी नसतं."

मग माझ्याकडं पाठ ठेवूनच बोलले. "मी दौंडला शाळेत होतो. वडील गेले आणि स्टेशनाबाहेरची पानाची टपरी माझ्याकडे आली. मग हजेरी कुठून भरणार? हेडमास्तर म्हणाले, पालक आणा, बोलून बघू. आई अंथरुणाला खिळलेली. दोन दिवस मी टपरीवर येणाऱ्या माणसांची तोंडं बघत बसलो. रोज शंभर माणसं यायची. कोणालाच विचारता आलं नाही. ते वर्ष गेलं."

कोणतं साल, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी बोटांवर मोजलं. तेव्हा मी दौंडलाच होतो, स्टेशनाच्या पलीकडच्या अंगाला, रेल्वेच्या खोलीत. हौसाबाई आणि मी, दोघंच.

"मला विचारायचं व्हतं," मी म्हणालो.

सरांचा हात फळ्यावर थांबला. "आला असतात?"

"चारला ड्युटी सुटायची. सुटल्यावर आलो आसतो."

त्यांनी डस्टर टेबलावर ठेवला आणि हाताचा खडू झटकत माझ्याकडं वळले.

"शाळा पाचपर्यंत असायची," सर म्हणाले.