विचिअन कुठेच सापडत नाही

थायलंडमधल्या लांपांगमध्ये वांग नदीचा जुना पूल उतरलं की कुंगची लॉन्ड्री लागते, आणि लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आग्नेय आशियातला सर्वांत तल्लख मेंदू बसतो. हे मी म्हणत नाही. तसं दारावरच्या पाटीवर लिहिलंय आणि पाटी त्या मेंदूनं स्वतःच रंगवली आहे. 'डिटेक्टिव्ह उआन, शोधसम्राट. हरवलेली माणसं, हरवलेली मांजरं, विसरलेले पासवर्ड. जगात जे आहे ते शोधयंत्रात आहे. शोधयंत्रात जे नाही ते जगात नाही!' त्याखाली त्याच्या बायकोनं, म्हणजे कुंगनं, खडूनं लिहिलंय, 'ब्लँकेटं धुऊन मिळतील.' येणारं गिऱ्हाईक बहुतेक खालची ओळ वाचून येतं.

उआन म्हणजे थाई भाषेत लठ्ठ. आता हा बेचाळीस वर्षांचा इसम इतका काटकुळा, की दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांत उभा राहिला तर कुंग त्यालाही चिमटा लावायची. पण घरचं नाव एकदा पडलं की पडलं. सरकारी नाव वेगळं असतं, लांबलचक, आणि ते शाळेच्या दाखल्यानंतर एकदम चितेपाशीच ऐकू येतं. उआननं तर धंद्याला बरकत यावी म्हणून थोरल्या भिक्खूंच्या सल्ल्यानं आपलं सरकारी नाव दोनदा बदललं होतं. बरकत आली नाही, फक्त बँकेत सही जुळेनाशी झाली.

त्याची तपासाची पद्धत साधी होती. बसायचं, टाइप करायचं, आणि वर आलेल्या पहिल्या तीन ओळींवर मरेपर्यंत विश्वास ठेवायचा. गल्लीत कुणाच्या पोटात दुखलं की तो लक्षणं टाकी, यंत्र दोन मिनिटांत कॅन्सर काढी, आणि माणूस घाबरून खऱ्या डॉक्टरकडे धाव घेई. अशा रीतीनं आपण आठ जणांचे प्राण वाचवले, असं त्याच्या छापील पत्रकात आहे. रोज सकाळी तो स्वतःचंही नाव शोधून बघे. 'उआन' टाकलं की वजन उतरवायच्या चहाच्या जाहिराती येत. कीर्ती वाढायला वेळ लागतो, असं म्हणून तो स्वतःची समजूत घाली.

मंगळवारी सकाळी एक साठी उलटलेल्या बाई भिंत चाचपत आत आल्या. हातात चिकट भाताची परडी होती, डोळ्यांवर जाड भिंगं. दूरच्या नान गावाहून आल्या होत्या, रात्रभर बसमध्ये बसून. नाव खामपान.

"ब्लँकेट बाहेर द्या, मावशी," उआन स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"ब्लँकेट नाही हो. माणूस शोधायचाय."

उआन ताडकन उठला आणि त्यानं काळा गॉगल चढवला. खोलीत एकच चाळीसचा बल्ब होता, त्यामुळे तोही जवळजवळ मावशींइतकाच आंधळा झाला.

"नाव?"

"विचिअन मुआंगसुक. आता बेचाळीसचा असेल." मावशींनी परडी मांडीवर घेतली. "मी त्याची कुणी नव्हे. नानच्या इस्पितळात माझं बाळ चौथ्या दिवशी गेलं. शेजारच्या खाटेवर दाएंग होती, तिला विषमज्वर, आणि तिचं पोर भुकेनं रडून रडून निळं पडलेलं. मला दूध येत होतं नि पाजायला कुणी नव्हतं. मग घेतलं त्याला. सात महिने पाजलं. पुढे त्याच्या बापाचं रस्त्याचं काम इकडे लांपांगकडे सरकलं, नि गेली ती माणसं."

"मग आत्ताच का आठवण झाली?"

"आठवण काय आत्ता होतेय? पण शुक्रवारी इथल्या इस्पितळात डोळ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, जमलं तर जमलं, नाहीतर आहे तेवढंही जाईल. म्हटलं, त्याआधी एकदा त्याला बघून घ्यावं. माझ्या भाचीनं फोनमध्ये शोधलं, तिला नाही गवसला."

बाहेर इस्त्री थांबली. कुंग दारात येऊन उभी राहिली होती.

"काळजी सोडा, मावशी," उआन छाती फुगवून म्हणाला, म्हणजे फुगवायचा त्यानं प्रयत्न केला. "मीही जन्मानं नानचाच. नानच्या माणसाची नस मला बरोब्बर कळते. आईचं नाव दाएंग म्हणालात? या गावात दाएंग पन्नास निघतील. माझी आईसुद्धा दाएंगच."

"अहो, मग आईंनाच विचारा ना," कुंग म्हणाली. "बाजारातल्या सगळ्या दाएंग त्यांच्या ओळखीच्या आहेत."

"कुंग!" उआननं ओठांवर बोट ठेवलं. "व्यावसायिक गुप्तता. आईला सांगणं म्हणजे बाजारात भोंगा लावणं. ती शेवया विकताना दर वाडग्यामागे एक बातमी फुकट देते. शिवाय शोधयंत्र असताना माणसांना विचारायचं, हे मागासलेपणाचं लक्षण आहे."

त्यानं 'विचिअन' टाइप केलं. यंत्रानं नम्रपणे विचारलं, आपल्याला विचिअनबुरी गावची भाजलेली कोंबडी म्हणायचं आहे का?

दुसरा कुणी असता तर 'नाही' म्हणाला असता. उआनच्या कपाळावर मात्र आठी पडली. "यंत्र उगाच काही विचारत नाही. हा इशारा आहे. आपला माणूस कोंबडीच्या आड लपलाय."

बुधवारी संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तो हमरस्त्यावरच्या कोंबडीवाल्याच्या टपरीसमोर दबा धरून बसला. संशय येऊ नये म्हणून त्यानं दोन कोंबड्या खाल्ल्या. तिसरीच्या वेळी टपरीवाल्यानंच विचारलं, "दादा, घरी काही भांडण झालंय का?" टपरीवाला तेवीस वर्षांचा होता आणि त्याचं नाव गोल्फ होतं.

मावशी रोज सकाळी इस्पितळाजवळच्या धर्मशाळेतून येत आणि संध्याकाळपर्यंत उआनसमोरच्या स्टुलावर बसून राहत. उआन पडद्याकडे बघे, मावशी उआनकडे बघत. दुपारी त्या परडीतल्या भाताचा गोळा करून त्याच्यापुढे धरत आणि तो न बघताच तोंड उघडी. कुंगला ते बघून कसंसंच व्हायचं. मांजरसुद्धा भरवणाऱ्याकडे एकदा बघतं, नवऱ्याला तेवढी तरी अक्कल असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येई.

गुरुवारी सकाळी तपासाला गती आली. यंत्रानं एक वेटलिफ्टर विचिअन काढून दिला.

"सापडला!" उआन ओरडला. "सात महिने परक्या आईचं सकस दूध! अशी मुलं वजनं नाही उचलणार तर काय करणार? मावशी, तुमचा विचिअन पैलवान निघाला!"

मावशी हरखून उभ्या राहिल्या. उआननं फोन लावला. पैलवान एकाहत्तर वर्षांचे होते, थेट दक्षिणेकडचे, आणि कंबर धरल्यामुळे पडून होते. मावशी परत खाली बसल्या. भिंगं काढून त्यांनी पुसली, परत घातली, आणि मग उगाचच पुन्हा पुसली.

तेवढ्यात कुंगनं पडद्यात डोकावलं. "अहो, हे काय? लंगोट, दुधाच्या बाटल्या, पाळणे! मला काही सांगायचं राहिलंय का तुमचं?"

"मूर्ख, मी 'बाळ' आणि 'दूध' शोधलं म्हणून जाहिराती येतात त्या. काल कोंबडीच्या येत होत्या."

"म्हणजे ह्या यंत्राला तुमच्याबद्दल सगळं कळतं, फक्त तुम्हाला कुणाबद्दल काही कळत नाही."

शोधसम्राटानं हा टोमणा ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अखेरचं हत्यार काढलं. पूर्ण नाव, आडनाव, जन्मगाव, सगळं एका ओळीत टाकून त्यानं बटण दाबलं. निकाल शून्य. पुन्हा दाबलं. शून्य.

तो खुर्चीत मागे रेलला. चेहरा गंभीर झाला.

"मावशी, मन घट्ट करा. आजच्या जगात ज्याच्याबद्दल एक ओळही सापडत नाही असा माणूस साधासुधा नसतो. त्यानं आपल्या सगळ्या खुणा पद्धतशीर पुसल्या आहेत. अतिशय थंड डोक्याचा इसम असणार. अनेक नावांनी वावरणारा. त्याच्या हाताखाली माणसं असणार. दहा पावलांवरून गेला तरी ओळख देणार नाही."

"वाईट मार्गाला लागला म्हणता?"

"वाईट म्हणा, थोर म्हणा. पण या शहरातल्या कुठल्याही डिटेक्टिव्हपेक्षा तो दोन पावलं पुढे आहे. एवढं मी स्वतःच्या तोंडानं कबूल करतो."

मावशींच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. "उद्या सकाळी आठला टेबलावर घेणार आहेत हो मला," एवढंच त्या म्हणाल्या.

ते पाणी बघून कुंगचं टाळकं सरकलं. व्यावसायिक गुप्तता गेली खड्ड्यात! तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, स्कूटर काढली आणि ती बाजारात सासूपुढे जाऊन उभी राहिली. वीस मिनिटांत स्कूटर परत आली. मागे उआनची आई बसली होती, कमरेला एप्रन, हातात तांबड्या रश्शाचा डाव तसाच.

"कोण शोधतंय रे विचिअन मुआंगसुकला?"

"आई, प्लीज! गुप्त तपास चाललाय."

"गुप्त तपास म्हणे! अरे मेल्या, तो तू!"

उआननं गॉगल सरळ केला.

"शक्य नाही. तो इसम अत्यंत धूर्त आहे."

"धूर्त कसला डोंबलाचा! तुझा बाप खड्ड्यात पडून पाय मोडून बसला, तुला डांग्या खोकला. भिक्खू म्हणाले, आडनावासकट सगळं बदला. तू दीड वर्षाचा होतास. त्यावर तू पुन्हा दोनदा बदललंस, आता तुझं नाव मलासुद्धा पाठ नाही."

"पण पुरावा?"

"पुरावा हवाय?" आईनं डाव मावशींकडे रोखला. "सात महिन्यांनी हिनं तुला परत माझ्या हातात दिला, तेव्हा मला उचलवेना. म्हणून उआन! नाहीतर ह्या काडीला लठ्ठ कोण म्हणेल?"

मग आई मावशींकडे वळली आणि तिचा आवाज एकदम उतरला. "मी दोन पत्रं टाकली गं तुला. दोन्ही परत आली. अशी कुणी बाई इथं नाही म्हणून."

"मीही नाव बदललं होतं," मावशी पुटपुटल्या. "नवऱ्याची दारू सुटावी म्हणून."

"सुटली?"

"नवरा सुटला."

दोघी हसल्या, आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. डावातला उरलासुरला रस्सा कुणाच्या तरी धुतलेल्या चादरीवर सांडला. कुंगचं तिकडे लक्षच नव्हतं, ती स्वतःच नाक पुसत होती.

उआन टेबलामागे तसाच बसून होता. समोर पडद्यावर 'निकाल शून्य' असं स्वच्छ अक्षरांत दिसत होतं, आणि ते कुणाबद्दल लिहिलंय हे आता त्याला कळलं होतं. ना हाताखाली माणसं, ना थंड डोकं. बेचाळीस वर्षांत त्यानं असं काहीच केलं नव्हतं की कुणी एक ओळ लिहून ठेवावी. त्याला विलक्षण लाज वाटली.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "माफ करा. तुम्ही एवढ्या लांबून आलात. तुम्हाला वाटलं असेल कुणीतरी मोठा निघेल. पैलवान तरी."

मावशी चाचपत त्याच्यापर्यंत आल्या. त्यांनी त्याचा गॉगल काढून टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि भिंगं टेकतील इतकं जवळ ओढून बघितलं. बराच वेळ बघितलं. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून उआन घाबरला, पण त्या हसत होत्या.

"खरं सांगू, बाळा? तीन दिवस मी ह्याच स्टुलावर बसून तुझ्याकडे बघत होते. आणि मनात एकच म्हणत होते, माझा विचिअन कसाही असू दे. गरीब असू दे, चोर असू दे. फक्त ह्या माणसासारखा बावळट नसू दे."

"मग आता?" उआननं खालच्या आवाजात विचारलं.

"आता काय! आहेस तो आहेस," मावशी म्हणाल्या. "मान वर कर जरा. उजेडाकडे. अजून बघायचंय मला."