बाबांची होडी आणि माझा विंच

यंदा होडी ओढायला गावाला हाक मारायची नाही, ट्रक आणायचा, असं मी ठरवलं. (आमच्या घरात ठरवण्याचं खातं विमलाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आहे. त्या दिवशी ती विहिरीवर गेली होती.)

होडी माझ्या सासऱ्यांची, बाबांची. देवबागात मृग तोंडावर आला की होड्या पाण्यातून ओढून माडांखाली नेऊन ठेवतात. मालकाने घरोघर हाक द्यायची, माणसं दोराला हात लावतात आणि गूळखोबरं खाऊन घरी जातात. पण त्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं होतं, मेहुणे मुंबईला नोकरीत अडकले होते, आणि आम्ही दोघं बाबांजवळ राहायला आलो होतो. औषधाकडे बाबा बघत नसत. खिडकीतून होडीकडे बघत ते विमलाला एकच सांगत, "माज्या आदी ती जावक नको गो."

मी मामलेदार कचेरीतला कारकून. माझा आतेभाऊ गंगाराम सावंतवाडीला असतो. त्याच्याकडे लष्कराचा जुना ट्रक होता आणि त्याला पुढे लावायला नवा विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळत ओझं ओढणारा, बॅटरीवर चालणारा रहाट. त्याने ट्रक आणून विंच बसवला आणि वायरिंग माझ्यावर सोपवून तो मालवणात लग्नाला गेला. (कचेरीतली विजेची घंटा मी दुरुस्त केली होती, ही बातमी त्याला मीच दिली होती.) जाताना त्याने दोनदा बजावलं की एक वायर बॅटरीतून मोटारीला आणि दुसरी, अर्थिंगची, ट्रकच्या सांगाड्याला. करंट सांगाड्यातूनच परत फिरतो, म्हणून तिथलं लोखंड चकचकीत घासायचं आणि मगच बोल्ट आवळायचा.

मी घासलं. अगदी तोंड दिसेल इतकं घासलं. पण समुद्राकाठी उघडं लोखंड सकाळपर्यंत तांबडं होतं. बाबांच्या घरात खिळासुद्धा रंग लावल्याशिवाय भिंतीत जात नाही. मी रंगाचा डबा शोधून काढला, घासलेल्या जागेवर जाड हात मारला, तो नीट वाळू दिला आणि त्यावर वायर आवळली. काम इतकं देखणं झालं की विमला चहा देताना चक्क हसली.

शेजारचे धोंडूकाका होडी कधी ओढायची ते विचारायला आले. मी म्हटलं, यंदा तुम्हाला तसदी नको, विंच आहे. ते चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी भरती लागल्यावर मी आणि विमलाने होडी किनाऱ्याला टेकवली. मी दोर बांधून बटण दाबलं. विंच गप्प. इंजिन चालू केलं, वायरी हलवल्या, नारळ फोडला. विंच गप्पच. वारा फिरला आणि पाणी उसळायला लागलं.

"अवो, माणसांका बोलवा," विमला म्हणाली.

काल ज्यांना नको म्हटलं त्यांच्या दारात आज कसं जायचं, या विचारात मी चांगला आवळलेला बोल्ट आणखी आवळत बसलो. शेवटी गेलो. सगळे धावत आले, कोणी टोमणासुद्धा मारला नाही. पण तोवर लाटांनी होडी आडवी केली होती, आणि माझ्याच दोराला अडकून ती आपटत होती. कणा मोडला तो आवाज घरापर्यंत ऐकू गेला असणार.

संध्याकाळी गंगाराम लग्नाहून आला, त्याने वायर सोडवून तिच्याखालचा, करंट अडवणारा रंग चाकूने खरवडला, वायर पुन्हा आवळली आणि बटण दाबलं. विंच गुरगुरला. राहिलेली अर्धी होडी झकास वर आली.

मी बाबांच्या पायाशी जाऊन बसलो आणि मला रडू आवरेना. विमला दाराशी पाठमोरी उभी होती. बाबांनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"होडी गेली ती गेली, जावयबापू," ते म्हणाले. "आता माजी पाळी. माका उचलूची येळ येयत, तेवा मात्र माणसांका हाक मारा. ट्रक आणू नका."